शुक्रवारी सकाळी पावणेनऊ

गीतरामायणावर आजवर जे लिहिले गेले, ते बहुतेक सारे गीतरामायण पुरे झाल्यानंतरचे आहे. छप्पन्न गीते एका पुस्तकात बांधलेली, किंवा सुधीर फडके ह्यांच्या एकट्याच्या गळ्यातून ओळीने काही रात्री ऐकलेली, अशी ती टीकाकारांपुढे आली आणि त्यांनी तिच्याकडे एक अखंड काव्य म्हणून पाहिले. ह्यात चूक काहीच नाही. पण १९५५ साली ज्यांनी ती गीते पहिल्यांदा ऐकली, त्यांच्या हाती अखंड असे काही नव्हते. त्यांना आठवड्याला एक गीत मिळे आणि पुढचे गीत कोणाच्या तोंडी असेल ह्याचा तर्क करीत ते सात दिवस काढीत. ह्या काव्याचे गुण आणि त्याच्या उणिवा त्या एका वर्षात शिरूनच पाहाव्यात, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पुण्यातल्या आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडे आणि रेडिओ एकच, मालकांच्या माजघरातला. १ एप्रिल १९५५ ह्या दिवशी रामनवमी होती आणि शुक्रवार होता. त्या सकाळी पावणेनऊला पहिले गीत लागले. पुढे दर शुक्रवारी नवे गीत लागे आणि शनिवारी-रविवारी तेच पुन्हा ऐकवीत. शनिवारी आमची सकाळची शाळा असे. म्हणून आम्हां मुलांना शुक्रवार आणि रविवार. मालकीणबाई साडेआठलाच पेटी सुरू करून ठेवीत, कारण व्हॉल्व्ह तापायला वेळ लागे. काही घरांतून रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, असे सांगतात. आमच्याकडे तसे काही नव्हते. मात्र त्या पंधरा मिनिटांत नळावर कोणी बादली आपटली तर मालक खाकरत.

हे सारे घडले कसे, ते थोडे पाहण्याजोगे आहे. पुण्याचे रेडिओ केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाले, म्हणजे ते पुरते दोन वर्षांचेही नव्हते. दिल्लीत नभोवाणीमंत्री होते बाळकृष्ण केसकर, मूळचे पुण्याचेच. त्यांना सिनेमाच्या गाण्यांचा मनापासून तिटकारा. त्यांच्या अमदानीत १९५२ पासून सिनेसंगीत सरकारी रेडिओवरून जवळजवळ हद्दपार झाले आणि ऐकणारे सिलोनकडे वळले. ती रिकामी जागा भरायला सुगम संगीत हवे होते. पुणे केंद्रावरच्या सीताकांत लाड ह्यांनी ग. दि. माडगूळकरांपुढे वर्षभराच्या मालिकेची कल्पना मांडली, आणि चाली द्यायला आले फडके. गंमत अशी की हे दोघेही सिनेमातले! जी गाणी दाराबाहेर ठेवायची म्हणून एवढा खटाटोप केला, ती रचणारी माणसेच पुढच्या दाराने, सोवळे नेसून आत आली. एका प्रसंगात एक भाव पकडणे, तीन ओळींत पात्र उभे करणे, धृवपद असे घालणे की ते दुसऱ्या खेपेला ऐकणाऱ्याने म्हणावे; ही सारी कसबे त्यांनी बोलपटाच्या कारखान्यात कमावलेली होती. गीतरामायणाचे शिल्प महाकाव्याचे नाही, ते बोलपटातल्या गीताचे आहे, असे मी म्हटले तर काही वाचक रागावतील. पण ती निंदा नाही.

आठवड्याच्या हप्त्याने ह्या काव्याला आणखी एक वळण दिले. गेल्या शुक्रवारचे आठवत नसलेल्या श्रोत्यालाही आजचे गीत कळले पाहिजे, म्हणून निवेदकाला जवळजवळ रजा मिळाली आणि प्रत्येक वेळी कथेतले एखादे माणूस स्वतः बोलू लागले. कौसल्या बोलते, कैकेयी बोलते, अहल्या, शूर्पणखा, शबरी बोलते. नाव वल्हवणारे नावाडी आणि दगड वाहणारे वानरसुद्धा. वाल्मीकींकडे सलग वाहणारी कथा इथे छप्पन्न माणसांच्या साक्षीसारखी होते. बेत बावन्न गीतांचा होता. त्या वर्षी अधिक मास आला आणि रामनवमी पुढे गेली, म्हणून चार गीते वाढली. पंचांगाने काव्याची लांबी ठरवावी असे दुसरे उदाहरण मला मराठीत आठवत नाही.

माझी पसंती सांगायची तर ती नावाड्यांना आणि वानरांना आहे. माडगूळकर माणदेशातले, त्यांच्या कानांत ओवी, लावणी, कीर्तन भरलेले. दरबारात आणि ऋषींच्या आश्रमात त्यांची भाषा समासांनी जड होते, कुठे कुठे फुलांपेक्षा हारच जाड दिसतो. पण अंगमेहनतीची माणसे बोलू लागली की ती मोकळी होते. सेतू बांधण्याच्या गीतात ओझे उचलणाऱ्यांचा ठेका आहे. आमच्या वाड्यातली मुले महिनाभर त्या ठेक्यावर पाण्याच्या बादल्या वाहत होती.

पण ते वर्ष नुसते गाण्यांचे नव्हते. मे महिन्यात ना. ग. गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले. १५ ऑगस्टला पोर्तुगिजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालवल्या. १० ऑक्टोबरला राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात मराठी माणसाच्या पदरी गुजराथसह द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ एवढेच पडले होते. २१ नोव्हेंबरला मुंबईत विधानसभेकडे निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, पंधरा माणसे गेली. १९५६ च्या जानेवारीत, मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार हे जाहीर होताच, त्याहून किती तरी अधिक.

आमच्या वाड्यात एक कंपोझिटर राहत. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात, शुक्रवारी मालकांनी रेडिओ लावला तेव्हा ते उंबऱ्यातच थांबले आणि म्हणाले, “तिकडे पोरांच्या छातीत गोळ्या शिरताहेत, आणि हे सरकार इथे आपल्याला रामकथा ऐकवतंय. निजवतंय.” मालक काही बोलले नाहीत. पेटी चालूच राहिली. त्यानंतर ते कंपोझिटर शुक्रवारी कधी आले नाहीत.

त्यांचे ते बोलणे मी पुष्कळ वर्षे मनात उलटसुलट केले आहे. त्यात तथ्य होते. त्याच काळी अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर मैदानांतून गात होते आणि ते आवाज त्या पेटीतून येत नव्हते. अण्णा भाऊंची एक छक्कड आहे. मुंबईत पोटासाठी आलेला गडी गावी राहिलेल्या आपल्या मैनेची आठवण काढतो, आणि गाता गाता तो विरह महाराष्ट्रापासून तोडलेल्या मुलखाचा होतो. इकडे रामही सीतेसाठी रानोमाळ हिंडत होता. दोन्ही गाणी ताटातुटीचीच. एका गाण्यात ताटातूट कोणी केली त्याचा जाब विचारला जातो. दुसऱ्यात, चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो त्या गीतात, दोष कोणाचाच नाही, माणूसच परतंत्र आहे, असे सांगितले जाते. हे गीत आपल्याकडे मृत्यूच्या घरी समाधानासाठी म्हणतात, आणि ते तिथे शोभते. फ्लोरा फाउंटनच्या आठवड्यात ते कंपोझिटरांना कसे वाटले असते, ते मी समजू शकतो.

पण निजवण्याचा आरोप करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्या माणसाने त्या चाली बांधल्या आणि रामाची गीते गाइली, तो आदल्याच वर्षी, १९५४ साली, दादरा-नगरहवेली पोर्तुगिजांच्या हातून सोडवायला गेलेल्यांत होता. फडक्यांचे राजकारण कंपोझिटरांच्या राजकारणाहून निराळे होते, हे खरे. पण ते माजघरात निजणारे गृहस्थ नव्हते.

माझी खरी तक्रार निराळीच आहे, आणि ती सीतेची आहे. लंकेत, अग्निदिव्याच्या प्रसंगी, बोलतो तो राम. सीतेला पाहून बोलतो, आणि शुद्धी झाल्यावर आपण असे का केले तेही तोच समजावतो. जिने अग्नीत पाऊल टाकले तिला त्या वेळी गीत नाही. ज्या काव्यात नावाड्यालाही तोंड फुटते, तिथे ही शांतता कानाला टोचते. तिची पाळी येते ती अगदी शेवटी, शेवटच्या आधीच्या गीतात, रानात सोडून निघालेल्या लक्ष्मणाला ती आता जाऊ कुठे म्हणून विचारते तेव्हा. छप्पन्नांतले मला सर्वांत मोठे वाटते ते हे गीत.

ह्याला कारण काव्याबाहेरचे असेल. आमच्या वाड्यात एका बिऱ्हाडी स्वयंपाकाला एक बाई होत्या. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. त्यांना नवऱ्याने टाकले होते. टाकले म्हणजे काय, ते आम्हां मुलांना कळत नव्हते. ज्या वर्षी गीतरामायण सुरू झाले त्याच वर्षी, १८ मे रोजी, हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. मावशींना त्याची खबर तरी होती की नाही, कोण जाणे. एरवी त्या गीत ऐकत ते हातातले काम न थांबवता, मालकांच्या मागच्या दाराशी, भाजी निवडत. एप्रिलातल्या त्या शुक्रवारी त्यांचे हात थांबले. गीत संपले, माणसे उठली, कोणी तरी पेटी बंद केली. मावशी तशाच बसून होत्या. मग त्यांनी मालकीणबाईंना विचारले, “पुढच्या खेपेला लक्ष्मण काय सांगतो?”

पुढच्या खेपेला, १९ एप्रिल १९५६ ला, पुन्हा रामनवमी होती, गुरुवार होता. पण लक्ष्मण काही बोलला नाही. गाइले ते वाल्मीकी, भैरवीत. ते कुश-लवांना रामाच्या दरबारात कसे गावे ते शिकवून पाठवतात, आणि ती मुले तिथे जाऊन जे गातात ते आम्ही वर्षापूर्वीच्या पहिल्या शुक्रवारी ऐकलेले असते. शेवटचे गीत असे पहिल्याच्या आधी येते. ही रचना किती सुंदर आहे ते मोठेपणी, १९५७ साली सरकारच्या प्रकाशन विभागाने काढलेले पुस्तक हाती आले तेव्हा मला उमगले. त्या गुरुवारी एवढेच कळले की मावशी सुपातली भाजी घेऊन आत गेल्या, आणि मालकांनी, पुढच्या शुक्रवारी आता काय लावायचे, असे जरा चाचरतच विचारले.