वखारीत गेलेला कॅमेरा

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभाग म्हटलं की १९५६ची राज्य पुनर्रचना, ठराव, मोर्चे आणि दुकानांच्या पाट्या, एवढ्यावरच आपलं बोलणं थांबतं. त्यामुळे या मुलखात झालेल्या एका मोठ्या कामाकडे मराठी चित्रपटसमीक्षेचं जवळजवळ दुर्लक्षच झालं. ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा १९८२ सालचा, निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांचा कृष्णधवल माहितीपट. लांबी जेमतेम पंचवीस मिनिटं. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोझ कॉन्ट्रॅक्टर यांच्या ‘युगांतर’ गटाने तो केला. त्याआधी याच गटाने पुण्यातल्या घरकामगार बायकांबरोबर ‘मोलकरीण’ केला होता.

एप्रिल १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्यांवर निपाणीत गोळीबार झाला. तो लोकांच्या लक्षात राहिला. पण तोच तंबाखू वखारीत साफ करणाऱ्या, दिवसभर त्याची धूळ छातीत घेणाऱ्या बायकांनी संघटना बांधली, संप केला, त्याची आठवण या फिल्मनेच नीट जपली. कॅमेरा थेट वखारीत गेला, तिथलं काम पडद्यावर आलं.

गटाची माणसं चार महिने या बायकांबरोबर होती. घडलेले प्रसंग कसे उभे करायचे हे त्यांच्याशी बोलून ठरलं आणि ते त्यांनीच पुन्हा करून दाखवले. सोळा मिलिमीटरचं चारशे फुटी रीळ अकरा मिनिटांत संपतं, आणि ते महाग. म्हणजे आधी भरपूर बोलायचं, मग कॅमेरा सुरू करायचा. काय सांगायचं आणि काय नाही, हे ठरवायला बायकांना त्यातून सवड मिळाली. माझ्या लेखी या फिल्मची नैतिकता त्या सवडीत आहे.

याउलट ‘जोगवा’ (२००९) हा चित्रपट याच पट्ट्यातल्या यल्लम्मा देवीच्या जोगत्या-जोगतिणींची व्यथा मांडतो. राजन गवस यांच्या लेखनाचा भक्कम आधार, राजीव पाटील यांचं दिग्दर्शन, उपेंद्र लिमये यांना मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार. सगळं मनापासून केलेलं. पण मुख्य भूमिका व्यावसायिक नटांकडेच आहेत. वंचितांचा विषय घेतला की चित्रपट सर्वसमावेशक झाला, असं आपण फार चटकन मानतो. पटकथेवर, प्रसंगांवर त्या माणसांचा अधिकार किती, हे कोणी विचारत नाही. आणि तो प्रश्न दिग्दर्शकाआधी निर्मात्याला विचारायला हवा, कारण वेळ आणि पैसा त्याच्या हातात असतो.

दीपा धनराज यांनी पुढे कुटुंबनियोजनाच्या सक्तीवर ‘समथिंग लाइक अ वॉर’ (१९९१) आणि रोहित वेमुला या विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतरच्या विद्यार्थी आंदोलनावर ‘वी हॅव नॉट कम हिअर टू डाय’ (२०१८) हे माहितीपट केले. ‘युगांतर’च्या फिल्म बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ संस्थेच्या मदतीने डिजिटल झाल्या आहेत. मराठी निर्मात्यांनी त्या पाहाव्यात, आणि पुढच्या अंदाजपत्रकात चित्रीकरणाआधी माणसांत राहण्याचा खर्च पहिल्या ओळीत लिहावा.