प्राचीन लाकडाची पूर्वप्रक्रिया : एक चिकित्सा

वृक्षवलयांवरून पूर्वीच्या पर्जन्यमानाचा शोध घेणे आपल्याकडे नवे नाही. ठाण्याच्या सागाच्या वलयांतील हायड्रोजनच्या समस्थानिकांवर आर. रमेश, एस. के. भट्टाचार्य व जी. बी. पंत यांचा शोधनिबंध १९८९ साली 'नेचर'मध्ये आला. केरळात गाळाखाली गाडल्या गेलेल्या ओंडक्यांवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे के. पी. एन. कुमारन व सहकाऱ्यांनी २०१४ साली लिहिले. असे निबंध वाचताना आपण अध्यापक आलेखापाशी रेंगाळतो आणि नमुना कसा तयार केला हा परिच्छेद नजरेखालून घालून पुढे जातो. आक्षेप या सवयीला आहे.

लिग्निनमध्ये कार्बन-१३ चे प्रमाण सेल्युलोजपेक्षा साधारण ३ प्रति हजार कमी असते. पाणथळ गाळात टिकलेल्या लाकडातील सेल्युलोज जिवाणू आधी खातात, लिग्निन मागे उरते. असे लाकूड तसेच दळून मोजले तर आकडा आपोआप खाली येतो. आता, पावसाच्या ताणात पर्णरंध्रे मिटतात व आकडा वर चढतो. म्हणून खालचा आकडा ओल्या काळाचा मानला जातो. म्हणजे कुजणेच पाऊस म्हणून नोंदले जाईल! कणकुंबीसारख्या मलप्रभेच्या उगमस्थानी, जेथे कळसा नाल्याच्या पाण्यावरून आजही वाद आहे, एखाद्या ओढ्याच्या चिखलातून उद्या जुना ओंडका निघाला, तर ही चूक केवळ प्रयोगशाळेतली राहणार नाही.

उपाय म्हणून सेल्युलोज वेगळे काढतात. टोल्युइन व अल्कोहोलने राळ काढायची, आम्लयुक्त सोडियम क्लोराइटमध्ये ७० अंशांच्या आसपास तापवून लिग्निन घालवायचे, शेवटी सुमारे १७ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडने हेमिसेल्युलोज. ही कृती मुळात ताज्या लाकडासाठी बसवलेली. जुन्या लाकडातील सेल्युलोजच्या साखळ्या तुटलेल्या असतात. तीव्र अल्कलीत त्याही विरघळतात आणि कधी हाती काहीच उरत नाही. अशा वेळी सौम्य प्रक्रिया करून हेमिसेल्युलोजसह मोजणे मला अधिक प्रामाणिक वाटते, मात्र तसे स्पष्ट लिहिले पाहिजे. जिवंत झाडांत संपूर्ण लाकूड व सेल्युलोज यांचे चढउतार पुष्कळदा जुळतात, हे खरे. पण तो दाखला कुजलेल्या ओंडक्याला लावता येत नाही. संग्रहालयातील लाकडाचा प्रश्न आणखी वेगळा: त्यात जतनासाठी भरलेले पॉलिइथिलीन ग्लायकोल खनिज तेलाचा कार्बन घेऊन येते. ते आधी पाण्याने धुऊन काढावे लागते.

निपाणी-बेळगाव भागात साखरेचा उतारा सर्वांना ठाऊक आहे. सेल्युलोजचाही उतारा असतो. ताज्या लाकडात तो ४० टक्क्यांच्या आसपास, प्राचीन लाकडात फारच कमी. प्रत्येक वलयाचा उतारा आणि लिग्निन गेल्याची अवरक्त वर्णपटाने केलेली खात्री आलेखाशेजारी छापली जावी. वजनकाटा तर प्रत्येक महाविद्यालयात आहे.