नेसणे आणि घालणे : चित्रपटातील वेशभूषा व आधुनिक पेहराव

चित्रपटातून फॅशन येते, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा केले जाते की त्यातून नेमके काय येते, हा प्रश्न विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. साधनाची केशरचना आली, मुमताजची साडी आली, माधुरी दीक्षितची जांभळी साडी आली, ‘बंटी और बबली’चे कॉलरवाले कुर्ते आले, अशी यादी दिली जाते आणि पुढे या अनुकरणाबद्दल कौतुक किंवा खंत व्यक्त केली जाते. कौतुक करणारे त्याला प्रेरणा म्हणतात, खंत करणारे नक्कल म्हणतात. दोघांच्याही लेखी वस्त्र ही केवळ डोळ्यांनी पाहण्याची गोष्ट असते. ते अंगावर कसे बसते, कोणी कापले, कोणी शिवले, ते नेसताना हात काय करतात, या बाबी विवेचनाबाहेर राहतात. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने भानू अथय्या यांनी केलेल्या काही वेशभूषा आणि अलीकडे लोकप्रिय झालेली शिवलेली नऊवारी यांचा एकत्र विचार करून या वगळलेल्या बाजूकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फॅशनविषयक ग्रंथात वस्त्राची तीन रूपे वेगळी केली आहेत. छायाचित्रात दिसणारे वस्त्र, शब्दांत वर्णिलेले वस्त्र आणि प्रत्यक्ष शिवलेले वस्त्र. पहिल्याची रचना दृश्य असते, दुसऱ्याची भाषिक आणि तिसऱ्याची तांत्रिक. म्हणजे शिवण, काप, जोड यांची. बार्थ यांना मुख्यतः दुसऱ्या रूपात रस होता, कारण त्यांच्यासमोर फ्रेंच फॅशन मासिके होती. आपल्या विषयासाठी मात्र पहिल्या आणि तिसऱ्या रूपातील अंतर अधिक महत्त्वाचे आहे. पडद्यावरचे वस्त्र प्रेक्षकाला चित्र म्हणून भेटते. ते अंगावर यायचे तर त्याचे पुन्हा तांत्रिक वस्त्र व्हावे लागते. हे रूपांतर कोण करते आणि त्यात काय टिकते, यावर त्या ‘प्रेरणे’चे मोल ठरते, असे मला वाटते.

भानू अथय्या यांचा जन्म १९२९ मध्ये कोल्हापूर येथे राजोपाध्ये कुटुंबात झाला. वडील अण्णासाहेब हे चित्रकार. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर त्यांनी ‘ईव्हज् वीकली’सारख्या स्त्रियांच्या नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटने केली आणि १९५६ च्या ‘सी. आय. डी.’पासून गुरुदत्त यांच्या चित्रपटांशी त्यांचे नाव जोडले गेले. पुढे शंभरांहून अधिक चित्रपट, ‘गांधी’साठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह मिळालेले ऑस्कर, ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी राष्ट्रीय पुरस्कार हा तपशील सर्वपरिचित आहे. त्यांचे निधन २०२० मध्ये झाले. येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच की त्या चित्रकलेकडून वस्त्राकडे आल्या. आणि असे असूनही त्यांचे उत्तम काम चित्रापेक्षा रचनेचे आहे.

याचे चांगले उदाहरण म्हणजे १९६५ चा ‘वक्त’. त्यात साधना यांनी घातलेला अंगाबरोबर बसणारा कुर्ता आणि चुडीदार यांनी त्या काळच्या तरुणींना वेड लावले, असे नेहमी सांगितले जाते. चुडीदार ही काही नवी वस्तू नव्हती. नवीन होता तो काप. कापड उरेब धरून कापले की ते पायावर ताणले जाते आणि घोट्यापाशी त्याच्या चुण्या पडतात. कुर्त्याला टक्स घेतले की तो कमरेशी आत येतो आणि तरीही हात वर करता येतात. कथेच्या दृष्टीने पाहिले तर या पोशाखाचे काम स्पष्ट आहे. ‘वक्त’मधील माणसे मोटारी चालवतात, मेजवान्यांना जातात. अशा श्रीमंत, शहरी, वेगवान जगातील तरुणीला घरंदाज तर ठेवायचे, पण साडीच्या चालीत अडकवायचे नाही, ही दिग्दर्शकाची अडचण कापाने सोडवली आहे.

आता हा पोशाख पडद्यावरून अंगावर कसा आला ते पाहावे. अमेरिकेत १९३२ च्या ‘लेटी लिंटन’मधील जोन क्रॉफर्डचा फुगीर बाह्यांचा झगा मोठ्या दुकानांतील तयार कपड्यांच्या रूपाने ग्राहकांपर्यंत पोहोचला. आपल्याकडे १९६० च्या दशकात ही यंत्रणा नव्हती. होता तो गल्लीतला शिंपी. त्याच्याकडे कापड घेऊन जायचे आणि ‘साधनासारखा’ म्हणून सांगायचे. त्याने चित्रपट पाहिलेला असो वा नसो, पोस्टरवरचे चित्र त्याला कापात उतरवावे लागे. म्हणजे चित्ररूप वस्त्राचे तांत्रिक वस्त्र करण्याचे काम एका कारागिराचा हात करीत होता, आणि तोही समोर उभ्या असलेल्या एका विशिष्ट मुलीच्या मापाने. त्यात चुकाही होत असणार. कुर्ता खांद्यात आवळत असणार. पण जे हाती येई ते पोस्टर नसून कपडा असे. परकर-पोलक्यातून थेट साडीत जाणाऱ्या मराठी मध्यमवर्गीय मुलींना मधल्या वयासाठी, कॉलेजसाठी, बसमध्ये चढण्यासाठी जो पोशाख पुढील दोन दशकांत मिळाला आणि ज्याला आपण बिनदिक्कत ‘पंजाबी ड्रेस’ म्हणू लागलो, त्याची अनेक कारणे आहेत. चित्रपट हे त्यांतले एक. मात्र त्या कारणाला केवळ नक्कल म्हणून बाजूला सारता येणार नाही, कारण येथे जे उसने घेतले गेले ते उपयोगाला आले.

प्रसंगाने आणखी एक गोष्ट. बाजार वस्त्राला नाव देतो ते नायिकेचे किंवा चित्रपटाचे. ‘साधना कट’ म्हणतात. तो १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’साठी ऑड्री हेपबर्नच्या केशरचनेवरून घेतला होता, हे मागे पडते. अथय्या यांच्या नावाचा कुर्ता कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही. शिंप्याच्या नावाचा तर प्रश्नच नाही. क्लेअर विल्किन्सन-वेबर यांच्या २०१३ च्या ग्रंथात हिंदी चित्रपटांच्या वेशभूषेमागील शिंपी आणि ड्रेसमन यांच्या कामाचा सविस्तर अभ्यास आहे. मराठीत असे लेखन व्हावयास हवे, विशेषतः कोल्हापूर-पुण्याच्या चित्रपटसंस्थांतील कपडेपटाविषयी.

‘ब्रह्मचारी’ (१९६८) मधील मुमताजची नारिंगी साडी ही याच्या पुढची पायरी आहे. शम्मी कपूरबरोबरच्या त्या जलद नृत्यात साडी सुटता कामा नये, पाय मोकळे राहिले पाहिजेत आणि अंगाभोवतीचे थर जागचे हलता कामा नयेत. अथय्या यांनी साडी शिवूनच टाकली आणि तिला चेन लावली. वरवर पाहता ती नेसलेली साडी आहे. प्रत्यक्षात तो घातलेला कपडा आहे. कॅमेऱ्यासमोरची ही फसवणूक पूर्णपणे न्याय्य आहे, कारण ती त्या नृत्याच्या गरजेतून आली आहे. नर्तकीला साडीची काळजी करावी लागत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसते. पण ‘मुमताज साडी’ म्हणून जे पुढे लग्नाच्या संगीतात आणि जुन्या काळाच्या थाटाच्या मेजवान्यांत अवतरले, त्यात नृत्य नव्हते. जी अडचण सोडवण्यासाठी चेन लावली होती ती अडचणच नसताना चेन तेवढी उरली. आज ‘रेडी टू वेअर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या साड्यांचा वंश शोधायचा तर तो असा एका नाचापर्यंत मागे नेता येतो.

१९९० नंतरच्या काळाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) आणि ‘रंगीला’ (१९९५) यांनंतर वेशभूषाकार हा स्वतःच फॅशनचा निर्माता झाला, मनीष मल्होत्रा यांचे नाव नायिकांइतके ठळक झाले आणि तयार कपड्यांच्या बाजाराने शिंप्याची जागा घेतली. चित्र थेट कारखान्यात जाऊ लागले. मधला हात गेला. या बदलाचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो आपल्या नऊवारीवर, आणि तिथे थोडे थांबले पाहिजे.

मराठीत ‘नेसणे’ आणि ‘घालणे’ ही दोन क्रियापदे आहेत व आपण ती सहसा चुकवत नाही. धोतर नेसतात, सदरा घालतात; फेटा बांधतात, शाल पांघरतात. न शिवलेल्या वस्त्राला भाषेने वेगळे क्रियापद दिले, कारण ते वस्त्र प्रत्येक वेळी अंगावर नव्याने घडवावे लागते. लुगडे हे नऊ वारांचे सरळ कापड. त्याला माप नसते. तेच लुगडे आई नेसते, मुलगी नेसते, गरोदरपणात नेसते, म्हातारपणी नेसते. निऱ्या कमीजास्त घेतल्या, गाठ वर-खाली केली, काष्टा सैल किंवा घट्ट ओढला की ते त्या दिवशीच्या अंगाला बसते. शेतात लावणी करणारी स्त्री ते गुडघ्यापर्यंत खोचते. कोळीण वेगळ्या रीतीने नेसते. ब्राह्मणी आणि मराठा नेसण निराळी. परकर नको, पिन नको. थोडक्यात, नऊवारीची सगळी रचना शिवणीत नसून नेसणारीच्या हातात आहे.

पडद्यावर मात्र ही नेसण प्रामुख्याने नृत्याचे वस्त्र म्हणून आली. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२) यांसारख्या तमाशाप्रधान चित्रपटांनी लावणीची नऊवारी मनात ठसवली. नंतर २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ आला. अंजू मोदी यांनी त्यातील वेशभूषेसाठी वस्त्रांचा आणि दागिन्यांचा कसून विचार केलेला दिसतो. काशीबाई आणि मस्तानी यांच्या एकत्र नृत्यावरून वाद झाला. पेशव्यांच्या आणि मस्तानीच्या वंशजांनी आक्षेप घेतले. राजघराण्यातील स्त्रिया अशा नाचतील काय आणि त्यांची साडी कमरेखाली इतकी उतरेल काय, हे मुख्य प्रश्न होते. ते ऐतिहासिक औचित्याचे प्रश्न आहेत आणि त्यांना त्यांच्या जागी वजन आहे. पण आक्षेप घेणारे आणि समर्थन करणारे दोघेही पुन्हा चित्राबद्दलच बोलत होते. त्याच वेळी दादरच्या आणि पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याच्या दुकानांत, शिवलेल्या नऊवारीच्या रूपाने, जे घडत होते त्याची या वादात दखल नव्हती.

शिवलेली नऊवारी त्या चित्रपटाने जन्माला घातली नाही. ती आधीच होती. चित्रपटाने तिला ‘मस्तानी’ आणि ‘पेशवाई’ ही नावे दिली, नथ आणि चंद्रकोर यांसह एक संपूर्ण चित्र दिले. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत दुचाकीवर स्वार झालेल्या तरुणी आपण पाहतो, त्यांतील अनेकींच्या अंगावर हीच नऊवारी असते. तिच्यावर ‘खोटी’ म्हणून टीका करणाऱ्यांशी मी सहमत नाही. सकाळी सहाला घर सोडणाऱ्या, आजी जवळ नसलेल्या, नेसवायला कोणी नसलेल्या मुलीला ती पाच मिनिटांत घालता येते. ज्या वस्त्राला दोन पिढ्यांपूर्वी शहरी मध्यमवर्गाने मागासलेले म्हणून टाकून दिले, त्याला या मुलींनी पुन्हा रस्त्यावर आणले. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्यांच्या हौसेची थट्टा करणाऱ्या पुरुष समीक्षकांनी आपण शेवटचे धोतर केव्हा नेसलो, हे एकदा आठवावे.

तरीही यात काही गमावले जाते आणि ते इतिहासाच्या खरेखोटेपणाहून अधिक जवळचे आहे. शिवल्याबरोबर नऊवारीला माप आले. स्मॉल, मीडियम, लार्ज. ज्या वस्त्राची ख्याती कोणत्याही अंगाला सामावून घेण्याची होती, त्यात आता अंग बसवावे लागते. बसले नाही तर दोष अंगाचा ठरतो. काष्टा मागे शिवून पक्का केलेला असल्यामुळे तो ओढून घट्ट करता येत नाही. वाकताना, जिना चढताना शिवण ताणते. गुडघ्यापर्यंत खोचण्याची सोय नाही. ‘वक्त’च्या चुडीदाराने हालचाल दिली, येथे हालचालीसाठीच प्रसिद्ध असलेल्या वस्त्रातून ती काही प्रमाणात काढून घेतली गेली, आणि तीही स्वातंत्र्याचे चित्र उभे करीत असताना. शिवाय शिवलेली साडी पुन्हा नऊ वार होत नाही. ती मुलीला देता येत नाही, फाटल्यावर तिची गोधडी होत नाही.

दोन्ही ठिकाणी प्रेरणा पडद्यावरूनच आली असताना फरक का पडावा? उत्तर त्या मधल्या हातात आहे. १९६५ चा शिंपी चित्र पाहून काप शोधत होता. आजचा उत्पादक चित्र पाहून चित्रच तयार करतो, कारण गिऱ्हाईकही पुष्कळदा छायाचित्रासाठीच ते विकत घेते. याला पर्याय नाही असे नाही. ज्या ब्युटी पार्लरमध्ये लग्नसराईत नऊवारी नेसवून देतात, तेथे ही विद्या पैसे घेऊन का होईना जिवंत आहे. तेथील बायका ब्राह्मणी आणि मराठा नेसणीतील भेद जितक्या अचूकपणे सांगतील तितका तो वस्त्रविषयक लेखनातही क्वचितच आढळेल. काही ठिकाणी नेसणीच्या चित्रफिती पाहून मुली स्वतः शिकत आहेत. तिथे चित्रच पुन्हा हात शिकवते आहे, ही बार्थ यांच्या वर्गवारीला न सुचलेली शक्यता आहे.

अथय्या यांनीही हा फरक जाणला होता, असे त्यांच्या कामावरून म्हणता येते. ‘गांधी’मध्ये बॅरिस्टरच्या सुटापासून १९२१ मध्ये मदुराईत स्वीकारलेल्या पंचापर्यंतचा प्रवास वस्त्रांनी सांगायचा होता. तेथे पंचा शिवून चालला नसता. बेन किंग्जली यांच्या अंगावर तो चालताना सरकतो, बसताना सावरावा लागतो, आणि त्या सावरण्यातूनच तो माणूस हळूहळू पडद्यावर उभा राहतो. मुमताजला चेन आणि गांधींना पंचा, हा निर्णय एकाच हाताने घेतला होता. आपल्या महाविद्यालयांतील पारंपरिक वेश दिनाला मात्र मुली नऊवारी ‘घालून’ येतात आणि मुले धोतरही शिवलेलेच, इलॅस्टिक लावलेले, ‘घालून’ येतात. बोलतानाही आता हेच क्रियापद सहज वापरले जाते.