१९६२ मधील मराठी कादंबरी : श्रेष्ठत्वाचा प्रश्न

मराठी कादंबरीच्या इतिहासात १९६२ हे वर्ष प्रामुख्याने दोन कृतींमुळे महत्त्वाचे ठरते : रणजित देसाई यांची ‘स्वामी’ आणि श्री. ना. पेंडसे यांची ‘रथचक्र’. साहित्य अकादेमीचे पारितोषिक ‘रथचक्र’ला १९६३ मध्ये, तर ‘स्वामी’ला १९६४ मध्ये लाभले. त्यामुळे सन्मानाच्या आधारे या दोहोंतील तरतम ठरविता येत नाही.

पानिपतच्या पराभवानंतर पेशवेपदी आलेल्या माधवरावांची कारकीर्द, १७७२ मध्ये थेऊर येथे झालेल्या त्यांच्या मृत्यूपर्यंत, ‘स्वामी’त चित्रित झाली आहे. रघुनाथरावांशी असलेला बेबनाव, क्षयाची व्यथा आणि रमाबाईंचे सहजीवन यांची गुंफण वेधक असून ऐतिहासिक कादंबरीला नवा वाचकवर्ग मिळवून देण्याचे श्रेय निःसंशय या कृतीचे आहे. तथापि नायकाच्या उदात्ततेला धक्का लागू नये, ही दक्षता लेखक सतत बाळगतो. परिणामी राज्यकर्त्याच्या कठोर निर्णयांमागील मनोव्यापार बव्हंशी अस्पर्शित राहतो व शोकात्मता हळवेपणाकडे झुकते.

‘रथचक्र’ची नायिका अनामिक आहे, ती केवळ ‘ती’ म्हणूनच वावरते. पती घर सोडून गेल्यावर एकत्र कुटुंबातील उपेक्षा सोसणारी, मुलांच्या शिक्षणासाठी त्या घरातून बाहेर पडणारी ही कोकणातील स्त्री. तिची जिद्द मोठी आहेच. पण त्या जिद्दीतील हट्ट आणि मुलांवर पडणारे तिचे ओझेही पेंडसे लपवीत नाहीत. सहानुभूती आणि परखडपणा यांचा हा मेळ ‘स्वामी’त आढळत नाही. म्हणून त्या वर्षातील श्रेष्ठ कादंबरीचा मान ‘रथचक्र’कडेच जातो.

मात्र एका वर्षाची चौकट किती अपुरी असते, हे उद्धव शेळके यांच्या ‘धग’वरून (१९६०) ध्यानात येते. नवऱ्याला महारोग जडल्यावर संसार ओढणारी कौतिक ही ‘ती’चीच वऱ्हाडातील वडील बहीण म्हणावी लागेल. तिच्यापाशी तर कोकणातल्या घराचा पडका आधारही नाही. अमरावतीपासून यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबपर्यंतच्या वाचकाला जी वऱ्हाडी बोली घरची वाटावी, तिच्यातील संवादांनीच येथे दारिद्र्याचे चटके जाणवतात. निवेदकाला वेगळे भाष्य करावे लागत नाही. अकादेमीच्या मानकऱ्यांत शेळक्यांचे नाव नाही. या दोन कादंबऱ्या एकाच वर्षी प्रसिद्ध झाल्या असत्या, तर ‘रथचक्र’ला दिलेला निर्वाळा इतक्या निश्चयाने देता आला नसता.