मोबिलच्या सौजन्याने

‘द ज्युएल इन द क्राउन’ ही १९८४ची ब्रिटिश मालिका मी ऑफिसच्या बसमध्ये, फोनवर, तुकड्यातुकड्यांत पाहिली. पेगी ॲशक्रॉफ्टने साकारलेली म्हातारी मिशनरी बार्बी अजून डोक्यातून जात नाही. मग कळलं, की अमेरिकेत ती पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर ‘मास्टरपीस थिएटर’मध्ये दाखवली गेली आणि त्या कार्यक्रमाची प्रायोजक होती मोबिल ही तेल कंपनी.

१९७१पासून २००४पर्यंत आधी मोबिल, मग एक्झॉनमोबिल. लोक पीबीएसला चिडवायचे, ‘पेट्रोलियम ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’. याच काळात, १९७८मध्ये, ब्रुकलिनच्या ग्रीनपॉइंट भागात, जिथे मोबिलची रिफायनरी होती, जमिनीत मुरलेलं तेल न्यूटाउन क्रीकमध्ये झिरपताना तटरक्षक दलाला दिसलं.

बचाव ठरलेला असतो: कंपनीने संहितेला हात लावला नाही. मान्य. पण गरज तरी कुठे होती? जुने इंग्लिश दिवाणखाने, उत्तम अभिनय, त्यात आजचं तेल येणार कुठून? आमची ‘राज’वाली मालिका तर साम्राज्याला चांगलीच सोलते. पण ते साम्राज्य दुसऱ्याचं, आणि केव्हाच संपलेलं. (मी मात्र ती आवडीने पाहिली, हेही खरं.) कोडमधली चुकलेली ओळ मला सापडते, कधीच न लिहिलेली ओळ कुठल्या लॉगमध्ये दिसणार? ब्रुकलिनच्या तेलावर माहितीपट करायला मोबिलकडे पैसे मागायला कुणी गेलं असेल, असं मला वाटत नाही.

एकदा मात्र हात दिसला. ‘डेथ ऑफ अ प्रिन्सेस’ हा सौदी राजकन्येला दिलेल्या मृत्युदंडावरचा माहितीनाट्यपट. त्याच्या निर्मितीत बॉस्टनचं डब्ल्यूजीबीएच केंद्र सहभागी होतं, म्हणजे ‘मास्टरपीस थिएटर’ सादर करणारंच. सौदी तेलात मोबिलचे हितसंबंध गुंतलेले. १९८०मध्ये कंपनीने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन पीबीएसला फेरविचार करायला सांगितलं.

पीबीएसने १२ मे रोजी तो दाखवला. याचं कौतुक व्हायलाच हवं. पण ह्यूस्टन आणि अलाबामातल्या सार्वजनिक केंद्रांनी दाखवला नाही. मला ह्यूस्टनमधला तो प्रेक्षक आठवत राहतो. ह्यूस्टन म्हणजे तेलाचंच शहर. त्या रात्री त्याच्या टीव्हीवर दुसरंच काहीतरी चालू होतं.