समुद्रकाठचा विसावा

मराठी वाङ्मयात समुद्र पुष्कळ आहे. समुद्रकाठचा विसावा मात्र फार थोडा आहे. ही गोष्ट प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल, परंतु तिच्यात आपल्या वाङ्मयीन प्रकृतीचे एक मर्म दडलेले आहे. सावरकरांची ‘सागरास’ ही कविता १९०९ साली ब्रायटन येथे जन्मास आली. ब्रायटन हे इंग्रजांचे नामांकित विहारस्थान. अठराव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड रसेल नावाच्या वैद्याने समुद्रस्नानाचा औषध म्हणून पुरस्कार केला आणि कोळ्यांचे हे गाव हळूहळू धनिकांच्या विश्रांतीचे ठिकाण होऊन बसले. अशा जागी बसलेल्या मराठी कवीस आठवली ती मातृभूमी. विसावा त्याच्या मनासही शिवला नाही. पुढे कुसुमाग्रजांच्या ‘कोलंबसाचे गर्वगीत’ या कवितेत समुद्र आला तो आव्हान म्हणून. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्यास शाळामास्तर होते. त्याच शिरोड्यास १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. आज तेथील वाळूवर प्रवासी निवांत पहुडतात. त्या काळी तो किनारा कर्तव्याचा होता. विरह, साहस, सेवा ही समुद्राची तीन रूपे आपल्या साहित्याने आदराने स्वीकारली. जो मनुष्य समुद्रकाठी केवळ स्वस्थ पडून राहावयास जातो, त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काही असेल, असे फारसे कोणास वाटले नाही.

या पार्श्वभूमीवर मिलिंद बोकील यांची ‘समुद्र’ ही लघुकादंबरी (मौज, २००९) विचारात घेण्याजोगी आहे. भास्कर आणि नंदिनी हे मध्यमवयीन, सुस्थितीतील जोडपे समुद्रकाठच्या एका विश्रांतिस्थानी काही दिवस राहावयास येते. बरोबर मूल नाही, आप्तेष्ट नाहीत, घरचे काम नाही. आणि त्या रिकाम्या वेळात नंदिनीची दुसऱ्या एका पुरुषाशी जडलेली जवळीक उभयतांच्या बोलण्यात येते. कथानक म्हणावे तर एवढेच. खून नाही, पळून जाणे नाही, आत्महत्या नाही. दोन माणसे बोलतात. समोर पाणी आहे. एवढ्याशा सामग्रीवर संसाराचा ताळेबंद मांडण्याचे धाडस लेखकाने केले आहे. चिन्मय मांडलेकर यांनी या कथेस नाट्यरूप देऊन ती रंगभूमीवरही आणली, यावरून तिच्या संवादांत किती बळ आहे याची कल्पना येईल.

अशा स्थळांच्या कथा पाश्चात्त्य वाङ्मयास नवीन नाहीत. चेखोवच्या ‘कुत्रा घेऊन फिरणारी बाई’ या १८९९ सालच्या कथेत याल्ताच्या किनाऱ्यावर दोन विवाहित माणसे आपापल्या घरांपासून दूर भेटतात. टॉमस मानच्या ‘व्हेनिसमधील मृत्यू’ (१९१२) या कथेतील प्रौढ लेखक थकवा घालवावयास लिडोच्या हॉटेलात उतरतो आणि आयुष्यभर बाणवलेला संयम तेथे गमावून बसतो. विश्रांतीसाठी गेलेल्या मनुष्यास विश्रांतीच लाभत नाही, हे या कथांचे समान सूत्र होय. कामाचा रेटा थांबला की त्याखाली दडपलेले सारे वर येते. बोकिलांनी मात्र एक महत्त्वाचा फरक केला आहे. चेखोवचा नायक आपल्या पत्नीपासून दूर आलेला आहे. येथे पतिपत्नी एकत्र आली आहेत. परके माणूस भेटावे म्हणून लोक परगावी जातात. भास्करास ते परके माणूस आपल्याच शेजारी आढळते.

हे बोलणे घरीच का होऊ शकले नसते, या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजरचनेत शोधावे लागेल. आमच्या मराठवाड्यात स्त्रीच्या विसाव्याचे एकच ठिकाण परंपरेने मान्य केले आहे, ते म्हणजे माहेर. पंचमीस भाऊ न्यावयास येतो, पहिल्या बाळंतपणास ती तिकडे जाते, चार दिवस तिच्या हाताला उसंत मिळते. परंतु माहेरी ती लेक असते. तेथे तिने लेकीसारखेच वागावे, सुखीच दिसावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. सासरी सून, माहेरी लेक, आणि दोन्हीकडे आई. या सर्व नात्यांपलीकडची जी एक वयात आलेली, स्वतःची बरीवाईट कृत्ये स्वतः ओळखणारी व्यक्ती, तिला बोलावयास जागा कोठे आहे? समुद्रकाठची भाड्याची खोली ही अशी जागा होय. तेथे चूल नाही, देव्हारा नाही, उंबरा ओलांडून आत येणारी शेजारीण नाही. अलीकडे काही किनाऱ्यांवरील विश्रामगृहे केवळ प्रौढांसाठी राखून ठेवतात. तेथील यजमानांचा हेतू शांततेचा असेल. पण या कथेच्या संदर्भात त्या शब्दांस निराळाच अर्थ येतो. प्रौढ होणे म्हणजे वयाने वाढणे नव्हे. ऐकावयास कठीण असे सत्य ऐकून घेणे आणि ऐकवावयास कठीण असे सत्य उच्चारणे होय.

आता एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. उदगीरसारख्या गावी, जेथून समुद्र शेकडो मैल दूर आहे, हा आक्षेप विशेष जोराने ऐकू येतो. सुखवस्तूंच्या या दुःखांशी आमचा काय संबंध? येथे २०२२ सालच्या एप्रिलात, ऐन उन्हाळ्यात, ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अशा गावातील वाचकास पाणी म्हटले की घागर आठवते, लाटा आठवत नाहीत. दिवाळी सरते न सरते तोच मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात. त्यांचेही ते घर सोडून जाणेच. पण त्यात विसावा नाही.

हा आक्षेप आम्हांस अर्धाच मान्य आहे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांच्या काळचा वाद येथे पुन्हा उकरून काढण्याचे कारण नाही. नंदिनीचे एकटेपण पैशाने आलेले नाही आणि पैशाने जाणारेही नाही. ज्या नवऱ्याशी वीस वर्षे बोलणे झाले नाही, त्याच्याशी बोलावे कसे, हा प्रश्न उदगीरच्या वाड्यातील स्त्रीसही ठाऊक आहे. तिला केवळ खोली मिळालेली नाही. तथापि आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग खरा आहे. दोघांच्या विसाव्यामागे जे इतरांचे श्रम असतात, खोली झाडणारी बाई, ताट मांडणारा पोऱ्या, ते या कथेच्या गाभ्यात येत नाहीत. कथेची एकाग्रता त्यामुळे साधली आहे हे खरे; पण तिचा परीघ त्यामुळेच लहान राहिला आहे, हेही तितकेच खरे.

तरीसुद्धा या छोट्या पुस्तकाने मराठी कथेस एक अधिकार मिळवून दिला आहे. रिकामपणाकडेही गंभीरपणे पाहता येते आणि स्वस्थ बसलेल्या माणसांतही नाट्य असते, हे त्याने दाखविले. या अधिकाराचा पुढचा उपयोग कोणी करावा, हेही उघड आहे. कोयता खाली ठेवून पालासमोर घटकाभर टेकलेल्या नवराबायकोस एकमेकांशी काय बोलावयाचे असते, ते लिहिणारा लेखक आमच्या या कोरड्या पठारावरूनच यावयास हवा. समुद्र नसला तरी चालेल. त्या दोघांना एक निवांत घटका मात्र द्यावी लागेल.