चिनी खोली : सर्लच्या युक्तिवादाचे परीक्षण

यंत्राला विचार करता येतो का, यासाठी ट्युरिंगने १९५० साली संभाषणाची कसोटी सुचवली. जॉन सर्लचा १९८० चा आक्षेप असा : चिनी न येणारा माणूस खोलीत बसून, नियमपुस्तक पाहून, चिनी प्रश्नांना बिनचूक चिनी उत्तरे देतो. बाहेरच्यांना वाटते, याला चिनी येते. त्याला एका अक्षराचाही अर्थ कळत नसतो. संगणकही एवढेच करतो.

तोंडी परीक्षा घेताना मला हे पटायचे. घोकलेली व्याख्या म्हणणारा विद्यार्थी 'म्हणजे काय?' विचारताच गप्प होतो. पण नीट पाहा : तो एका जादा प्रश्नात उघडा पडतो, सर्लची खोली कधीच पडत नाही. माझे उदाहरण इथे कामाचे नव्हते.

यंत्राला कॅमेरा, हातपाय दिले तर? सर्ल म्हणतो, असे सुचवणाऱ्याने केवळ चिन्हांची उलाढाल पुरत नाही हे मान्यच केले. हे बरोबर. पुढे तो म्हणतो, कॅमेऱ्यातूनही खोलीत चिन्हेच येणार. इथे युक्तिवाद लंगडा पडतो. डोळ्यांतूनही मेंदूकडे विद्युत-स्पंदनेच जातात आणि सुट्या चेतापेशीला चिंच म्हणजे काय ते कळत नाही. तरी 'चिंच' वाचताच तुमच्या तोंडाला पाणी सुटले असेल! मेंदूच्या कारणशक्तीचा प्रश्न सर्ल प्रयोगावर सोडतो. मग कॅमेरा-हातपायांचा प्रश्न त्याने खोलीतल्या माणसाला विचारून का निकालात काढला?